भूका

कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जुई जाऊन उभी राहिली की मला कळायचं, वेळ आली. त्या दिवशीही ती तशीच उभी होती. मुठी आवळलेल्या, टाचा उचललेल्या, तोंड लालबुंद.

मी वाकून विचारलं, "जुई, शी आली का?"

"नाही."

"मग अशी का उभी राहिलीस?"

"नाही शी. नाहीच शी."

असं म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पोट दुखत होतं तिचं. तरी ती सगळा जीव एकवटून शी आत धरून ठेवत होती. मी हात पुढं केला तशी ती आणखी आत सरकली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

ही मुलगी आमची नव्हती. बँकेत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा मी कॅशियरच्या पिंजऱ्यातून बाहेर पडलो आणि सांगलीतल्या घरी बसलो. माझी बायको, पद्मा, शाळेत शिकवायची. आम्हाला मूल नाही. कोल्हापूरची एक संस्था टाकून दिलेली बाळं सांभाळायची, आणि दत्तक घेणारं घर मिळेपर्यंत काही बाळं आमच्यासारख्यांच्या घरी ठेवायची. पद्मानंच हे शोधून काढलं होतं. आधी काही बाळं आमच्याकडं येऊन गेली होती. ती सगळी मांडीवरची. दूध प्यायची, झोपायची, आणि चार-सहा महिन्यांनी कुणाच्या तरी हातात जायची. त्यांना आमचा चेहरासुद्धा आठवणार नाही हे आम्हाला माहीत होतं, आणि त्यामुळंच ते जमत होतं.

जुई मात्र चालत आली. दीड वर्षाची होती. तिच्या कागदपत्रांचं कोर्टात काहीतरी अडलं, तारखांवर तारखा पडत गेल्या, आणि ती वर्षाहून जास्त आमच्याकडं राहिली.

संस्थेत मुलांना सकाळी एका रांगेत भांड्यांवर बसवत. झाल्याशिवाय उठायचं नाही. तिथल्या बायकांना तरी किती मुलं बघायची असणार! कुणी ओरडायची, कुणी एखादा धपाटा घालायची. जुईनं त्यातून एवढंच घेतलं होतं की शी म्हणजे काहीतरी वाईट होणार. प्लास्टिकचं भांडं नुसतं दिसलं तरी ती किंचाळायची. लंगोट बांधला तर तो भरू नये म्हणून दिवसच्या दिवस कोंडून धरायची. डॉक्टर म्हणाले, "मनुकांचं पाणी द्या, पपई द्या. आणि मुख्य म्हणजे घाई करू नका."

शेवटी पद्मानं सुचवलं. "आमच्याकडं माझी आई लहान मुलांना पायांवर बसवायची. तुम्ही बसवून बघा."

"मी?"

"मी शाळेत असते, आणि तिला येते अकरा वाजता. मग कोण बसवणार?"

मग मी मोरीत पाट टाकून बसायला लागलो. पाय लांब सोडायचे, दोन पावलांत थोडं अंतर ठेवायचं, मध्ये कागद घालायचा, आणि मुलाला आपल्याकडं तोंड करून पावलांवर बसवायचं. त्याचे हात आपल्या हातात. एवढंच. पण जुई पावलांवर टेकली की काठीसारखी ताठ व्हायची आणि माझ्याकडं अशी बघायची की आता मी मारणारच. मी नुसता बसून राहायचो. किती वेळ गप्प बसणार? एकदा सहज तोंडातून निघून गेलं, बँकेत ओरडायचो तसं.

"टोकन नंबर सतरा! सतरा कोण आहे?"

ती दचकली. मग तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"सतरा नंबर चहाला गेले काय? बरं, टोकन नंबर अठरा! अठरा, या पुढं!"

जुई हसली. पोटापासून हसली. आणि हसता हसता तिच्या अंगातला तो सगळा ताठा सुटला आणि शी झाली. तिनं खाली बघितलं, मग घाबरून माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "अठरा नंबरचं काम झालं." त्यावर ती पुन्हा हसली.

त्यानंतर हेच आमचं ठरून गेलं. वेळ आली की ती फटीत जायची नाही. माझ्याकडं यायची, बोट धरायची आणि मोरीकडं ओढायची. "भूका, टोकन." भूपालकाका तिला म्हणता यायचं नाही, म्हणून भूका. आम्हाला आई-बाबा म्हणू द्यायचं नाही असा संस्थेचा नियम होता, आणि तो योग्यच होता. शेजारच्या वहिनींना मात्र पहिले काही दिवस वाटायचं की पोरीला सारखी भूक लागते, म्हणून त्या कुंपणावरून बिस्किटं द्यायच्या.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी ती रात्रीसुद्धा कोरडी राहायला लागली. कालिंदीताई, म्हणजे संस्थेच्या कार्यकर्त्या, महिन्यातून एकदा बघायला यायच्या. त्यांना मी मोठ्या कौतुकानं सांगितलं.

"अगदी छान झालं," त्या म्हणाल्या. "कोर्टाचं मार्गी लागतंय भूपालराव. घर मिळालंय तिला. रत्नागिरीचे लिमये. तो पॉलिटेक्निकला शिकवतो, ती विमा कचेरीत आहे. फार चांगली माणसं. इतकी वर्षं वाट बघतायत बिचारी."

पद्मा चहा गाळत होती. तिचा हात थांबला नाही.

"आम्ही मागितली तर?" मी विचारलं. खरं तर हे आम्ही दोघांनी आधी बोललेलंच नव्हतं.

कालिंदीताईंनी कप खाली ठेवला. "तुमच्या दोघांचं वय त्यात बसत नाही हो. नियमच आहे तो. माझ्या हातात असतं तर..."

"माहीत आहे," पद्मा म्हणाली. "त्यांनी आपलं विचारलं."

कोल्हापूरला संस्थेच्या ऑफिसात आम्ही जुईला लिमये जोडप्याच्या स्वाधीन केलं. मृदुला लिमये तिशी ओलांडलेली, बारीक अंगाची बाई होती. मी तिला खाणंपिणं, झोपायच्या वेळा सगळं सांगितलं. पायांवर बसवायचंही सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही तिच्यासाठी बदकाचं भांडं आणलंय, पिवळं. पण तुम्ही म्हणताय तसंही करीन हं." श्रीरंग लिमये गाडीपाशी उभा होता. जुईला गाडीची हौस. ती पटकन आत जाऊन बसली आणि शेजारची जागा थोपटत मला म्हणाली, "ये."

मी दार लावलं.

पुढं आम्ही फोन करायचा नाही, भेटायचं नाही, असं कालिंदीताईंनी बजावलं होतं. तुटायला हवं, म्हणजे तिकडं जोडलं जाईल. आम्ही ते पाळलं. पद्मा शाळेतून आली की पूर्वीसारख्या वह्या तपासायला बसायची. मी सकाळी अकराच्या सुमाराला उगीच घराबाहेर पडायचो आणि गणपती मंदिरापर्यंत चालून यायचो.

मग एके दिवशी कालिंदीताईंचाच फोन आला.

"भूपालराव, तुम्हाला रत्नागिरीला जावं लागेल. ती शी करत नाहीये. अजिबात नाही. दवाखान्यात नेऊन दोनदा एनिमा द्यावा लागला, तेव्हा चार जणांनी धरलं तिला. आता तर बाथरूमचं दार उघडलं तरी किंचाळते. मृदुला रडत होती फोनवर. असं करायची पद्धत नाही, पण डॉक्टरच म्हणाले, ज्यांच्याकडं होती त्यांना एकदा बोलवा."

मी पद्माला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ नका."

"पोर आजारी पडेल अशानं."

"तुम्ही गेलात की तिला होईल. मला माहीत आहे. आणि मग? मग तिला पुन्हा सोडून यायचं. एकदा सोडलंय ते पुरे नाही का झालं?"

"मग काय करू मी? इथं बसू?"

सकाळी तिनं माझी पिशवी भरून दिली. आत मनुकांची पुडी होती.

रत्नागिरीत लिमयांचं घर शहराच्या जरा बाहेर होतं. चिऱ्यांची भिंत, अंगणात कलमाचं झाड. मृदुलानं दार उघडलं तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. डोळ्यांखाली काळं झालं होतं, केस कसेतरी बांधलेले होते.

"झोपलीये," ती हळू आवाजात म्हणाली. "बसा काका."

तिनं पाणी दिलं आणि समोर बसली. मी विचारलं, "खाते का नीट?"

"तेच तर कळत नाही. सकाळी उठल्यापासून सारखी भूक, भूक करते. मी शिरा केला, मऊभात केला, केळं कुस्करून दिलं. समोर नेलं की तोंड मिटते. बाजूला ठेवलं की पुन्हा भूक म्हणून रडते. रडून रडून घसा बसतो तिचा. मग मी जबरदस्तीनं भरवते. आई म्हणून एवढंही मला जमू नये का?"

मी ग्लास खाली ठेवला. "भूक म्हणते की भूका?"

"भूका. लहान मुलं शब्द लांबवतात ना, तसं..." आणि ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडं बघत राहिली. "तुमचं नाव काय?"

"भूपाल."

मृदुलानं तोंडावर हात ठेवला. ती बाई इतके दिवस पोरीच्या तोंडात घास कोंबत होती, आणि पोर मला हाक मारत होती.

आमचा आवाज ऐकून असेल, जुई दारात येऊन उभी राहिली. धावत आली नाही. चौकट धरून उभी राहिली आणि बघत राहिली. फ्रॉकखाली तिचं पोट फुगलेलं दिसत होतं. बाकी सगळी वाळली होती. मग ती हळूहळू आली, माझं बोट धरलं आणि ओढायला लागली.

बाथरूममध्ये पाट नव्हता. मी तसाच फरशीवर बसलो, पाय लांब सोडले. ती स्वतःच पावलांवर चढून बसली. मी म्हणालो, "टोकन नंबर सतरा." ती हसली नाही. माझी बोटं आवळून धरली, कण्हली, रडली, आणि किती तरी वेळानं एकदाची मोकळी झाली. मग माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून ती तशीच झोपी गेली.

मृदुला दारात उभी होती. "झाली?" तिनं विचारलं. मी मान हलवली. ती हसली, आणि मग दाराला टेकून खाली बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

श्रीरंगनं मला जाऊ दिलं नाही. त्यांच्याच घरी राहिलो. रोज सकाळी मृदुला माझ्याकडून शिकायला बघायची. ती फरशीवर बसायची, पाय सोडायची, मी सांगीन तसे टोकनचे नंबर ओरडायची. भली बाई. तिचा आवाज चिरका व्हायचा, पण ती ओरडायची. जुई मात्र तिच्या पावलांवर टेकायचीच नाही. मी समोर असलो की माझ्याकडं यायची, नसलो की घरभर शोधायची. मी एकदा मुद्दाम बाहेर फिरायला गेलो. परत आलो तर ती फाटकाला धरून उभी होती, मुठी आवळून, टाचा वर करून. बोलावलं तर मृदुलाकडं वळूनही बघत नव्हती. त्यांनी तिचं नाव शर्वरी ठेवलं होतं. त्या नावाला ती ओ द्यायची नाही.

डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. जाताना मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "रागवू नका काका. पण तुम्ही इथं असाल तोवर ती दुसऱ्या कुणाची होणार नाही. आणि तुम्ही गेलात की पुन्हा कोंडून धरेल. काय सांगू तुम्हाला?"

त्या संध्याकाळी मी पायरीवर बसलो होतो. मृदुला येऊन शेजारी बसली. आत श्रीरंग जुईला चित्रांचं पुस्तक दाखवत होता.

"एक विचारू का?" मी म्हणालो.

"नका विचारू," ती म्हणाली. "मला माहीत आहे तुम्ही काय विचारणार ते." मग तीच पुढं बोलायला लागली. "मी आज कालिंदीताईंना फोन केला होता. श्रीरंगला माहीत नाही. त्यांना विचारलं, मी तिला परत दिली तर ती चौगुल्यांच्या, म्हणजे तुमच्या घरी जाईल ना? म्हणाल्या, नाही. संस्थेत येईल. मग दुसरं घर बघू. चौगुल्यांचं वय बसत नाही."

मी आत जुईकडं बघितलं.

"तिथं परत रांगेत बसवतील तिला," ती म्हणाली. "मग मी का देऊ? सांगा ना. मी तिला आवडत नाही, एवढ्यासाठी देऊ?"

"नको," मी म्हणालो.

"काय करू मग मी?"

"मी उद्या तिला सांगतो. मी जाणार म्हणून. फसवून जायला नको. निदान शोधत तरी बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी जुई कलमाखाली गळून पडलेल्या बारीक कैऱ्या फ्रॉकच्या ओच्यात गोळा करत होती. मी तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो.

"जुई, मी आज घरी जाणार."

"जुई पण."

"नाही. जुईचं घर हे. इथं आई आहे, बाबा आहेत."

"भूका पण इथं."

"भूकाचं घर तिकडं आहे. पद्मामावशी वाट बघतेय."

तिनं यावर विचार केला. एक कैरी उचलून माझ्या हातावर ठेवली. "जा. परत ये."

हो म्हणणं किती सोपं होतं! जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मग ती फाटकाला धरून उभी राहिली असती, रोज.

"नाही येणार," मी म्हणालो. "आता आईच्या पायांवर बसायचं. मी परत नाही येणार."

ती माझ्याकडं बघत राहिली. कपाळाला बारीक आठी पडली. काहीतरी हिशोब चालला होता तिच्या मनात.

"जुई शी नाही करत म्हणून?"

"नाही गं. तसं नाही. अजिबात तसं नाही."

पण तिनं ते ऐकलंच नाही. ओचा सोडला, कैऱ्या मातीत सांडल्या, आणि ती आत निघून गेली. मला वाटलं रुसली. मी तिथंच बसून राहिलो. थोड्या वेळानं मृदुला दारात आली आणि ओठांवर बोट ठेवून तिनं मला खूण केली.

बाथरूमचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून जुईचा आवाज येत होता. "टोकन नंबर... टोकन नंबर..." पुढचा आकडा तिला येत नव्हता. मध्येच कण्हायची, थांबायची, पुन्हा म्हणायची. श्रीरंगही येऊन उभा राहिला. आम्ही तिघं श्वास रोखून उभे होतो. आत जावं असं मला फार वाटलं. मृदुलानं माझा दंड धरून ठेवला होता.

मग दार उघडलं. जुई बाहेर आली. अंगात चड्डी नव्हती, पायांना शी लागलेली होती, आणि दोन्ही हातांत ते पिवळं बदकाचं भांडं. सांडू नये म्हणून अगदी सावकाश, जीभ बाहेर काढून चालत आली. मृदुलाच्या समोरून, श्रीरंगच्या समोरून थेट माझ्याकडं. माझ्या पायांशी तिनं ते खाली ठेवलं.

"झाली. जुईनं केली. एकटीनं."

श्रीरंगनं टाळ्या वाजवल्या. मृदुला "शहाणी गं माझी बाय" म्हणत तिला कुशीत घ्यायला वाकली. जुईनं तिच्याकडं बघितलंही नाही. तिनं माझा लेंगा धरला.

"आता नको जाऊ."

मी तिला उचललं, धुतलं, पुसलं, चड्डी घातली. तोपर्यंत श्रीरंगनं डॉक्टरीणबाईंना फोन केला होता. त्या फोनवरच आनंदून गेल्या. एकटीनं केली म्हणजे मोठीच गोष्ट झाली, आता काकांनी आजच निघावं, थांबले तर पुन्हा त्यांच्यावर अवलंबून राहील, असं त्यांचं म्हणणं पडलं. श्रीरंगनं मला ते सांगितलं तेव्हा त्याला माझ्या नजरेला नजर देता येत नव्हती. बरोबरच होतं त्यांचं. आजही मला त्यात चूक काढता येत नाही. ती मुलगी एकटी बसली नसती तर मला निघता आलं नसतं. ती बसली ते मी निघू नये म्हणून.

जेवणं झाल्यावर मी पिशवी भरली. पिशवी दिसताच जुई उठली. मला वाटलं, आता येऊन बिलगेल, रडेल. मृदुला तिला धरायच्या तयारीतच होती. पण ती बाथरूमकडं पळाली. मी बाथरूमच्या दारापर्यंत आलो तर आतून हाक आली.

"भूका, अजून करते हं! थांब!"

पोटात काही नव्हतं तिच्या. तरी त्या भांड्यावर बसून, मुठी आवळून ती जोर करत होती. लाल झालेलं तोंड वर करून तिनं एकदा मी आहे ना ते बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले.

मृदुला मला म्हणाली, "जा काका. आत्ताच जा."

मी गेलो. फाटकाची कडी वाजू नये म्हणून हातानं धरली. श्रीरंगनं स्कूटरवरून एसटी स्टँडपर्यंत सोडलं. आंबा घाट चढताना खिडकीतून वारा येत होता. शेजारच्या बाईनं विचारलं, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "गाडी लागते मला."

घरी पोचलो तेव्हा पद्मा दारातच उभी होती.

"झाली का तिला?"

"झाली."

"तुमच्या पायांवर?"

"नाही. भांड्यावर. एकटीनं बसली."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. त्यानंतर कालिंदीताईंनी एकदोनदा दुसऱ्या बाळासाठी विचारलं. पद्मा त्यांना चहा द्यायची, इकडचं तिकडचं बोलायची, आणि नाही म्हणायची. पुढं पद्मा निवृत्त झाली, आणि मग एका आजारपणात गेलीही.

रत्नागिरीहून फोन आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मी आवाज ओळखला नाही. "काका, मी मृदुला लिमये," असं म्हटल्यावर मी खुर्ची ओढून बसलो. नंबर तिनं संस्थेकडून मिळवला होता. शर्वरी आता कॉलेजात जाते म्हणाली. हुशार आहे. स्वयंपाकही येतो.

"त्रास काही दिला का पुढं?" मी विचारलं.

"अजिबात नाही. तुम्ही गेलात त्या दिवसापासून एकदाही नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. खेळणं मागितलं नाही, कपडे मागितले नाहीत. ताप आला तर सांगत नाही, हात लागला की आम्हाला कळतं. कुणाशी भांडत नाही. लोक म्हणतात, नशीब काढलंत, मुलगी असावी तर अशी." मग म्हणाली, "काका, तुम्ही तिला आठवत नाही. मी विचारून बघितलं."

"बरं झालं," मी म्हणालो.

"एक विचारायचं होतं. तुमच्याकडं असताना ती हट्ट करायची का हो?"

"करायची की. फार करायची."

"कशासाठी?"

मी आठवायला लागलो. माझ्या चपला घालूनच झोपायचं म्हणून एकदा दुपारभर रडली होती. पद्मानं वरणातली मिरची काढून टाकली तर तीच हवी म्हणून ताट उलटं केलं होतं. पावसात भिजलेलं मांजराचं पिल्लू मी घरात घेईना म्हणून माझ्या हाताला चावली होती.

"चावली?" मृदुला म्हणाली. "खरंच?"

"चांगली चावली. वळ उठले होते."

"आणखी सांगा."

मी आठवेल तेवढं सांगत गेलो. पलीकडून मधूनमधून तिचं "हं" येत होतं. माझं सांगून संपलं तरी तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. आणखी काही आठवतंय का ते मी बघत होतो.